उष्टे नको, वाटा हवा

२०२३ सालच्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर ओतून दिले. किलोला एक-दोन रुपये भाव मिळत होता. त्यातून तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटत नव्हते. पुढे अवघ्या दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, शहरांच्या किरकोळ बाजारात तेच टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेले आणि मजुराच्या घरातील आमटीतून टोमॅटोची फोड नाहीशी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात पाचशे बारा किलो कांदा घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती, हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा जाता, दोन रुपयांचा धनादेश पडला होता.

अन्नाच्या नासाडीची चर्चा सुरू झाली की हे चित्र सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. डोळ्यांसमोर येते ते लग्नाच्या पंगतीतील अर्धवट टाकलेले पान. मग उपदेश सुरू होतो: हवे तेवढेच वाढून घ्या, पानात टाकू नका, देशात कोट्यवधी लोक उपाशी आहेत याचे भान ठेवा. उपदेश चुकीचा नाही. अन्न टाकणे वाईटच. परंतु या उपदेशात एक सोईस्कर समजूत दडलेली असते. सुखवस्तू माणसाने आपले पान स्वच्छ केले की वाचलेला घास उपाशी माणसाच्या पोटात आपोआप जाईल, ही ती समजूत. तो घास तेथे जातो कोणत्या वाटेने, हे मात्र कोणी सांगत नाही. ती वाट कोणती आणि ती कोणी अडवून ठेवली आहे, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

या देशाने उपदेशाचा प्रयोग करून पाहिलेला आहे. १९६५ साली, युद्ध आणि धान्यटंचाई एकाच वेळी उभी राहिली असताना, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. असंख्य कुटुंबांनी ते मनापासून पाळले आणि सोमवारी रात्री उपाहारगृहे बंद राहू लागली. त्या त्यागाची थट्टा करण्याचे कारण नाही, त्याने राष्ट्राचे मनोधैर्य टिकवले. पण ज्याला सोमवारीच काय, मंगळवारीही दोन वेळा जेवायला मिळत नव्हते, त्याच्यापर्यंत धान्य पोहोचवायला अखेर खरेदी, गोदामे आणि रेशनची दुकानेच लागली. १९६५ मध्येच अन्न महामंडळाची स्थापना व्हावी, ही गोष्ट सूचक आहे. संयमाला व्यवस्थेची जोड मिळाली नाही तर संयम हे केवळ व्रत राहते.

आधी काही आकडे लक्षात घेऊ द्यावेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकानांत, खाणावळींत आणि घरांत वाया गेले. ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होय. त्यातील साठ टक्के नासाडी घरांतील होती. तेव्हा घरातील नासाडी क्षुल्लक आहे असे कोणी म्हणू नये. भारतातील घराघरांतून दरडोई दरवर्षी सुमारे ५५ किलो अन्न टाकले जाते, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. जगाची सरासरी ७९ किलो आहे. परंतु ‘दरडोई’ हा शब्द फसवा आहे. बंगल्यातील शीतकपाटात विसरलेली भाजी आणि झोपडीतील भाकरीचा शेवटचा तुकडा यांची त्यात सरासरी काढली जाते. ज्या घरात रात्रीची शिळी भाकर सकाळी मुलांच्या न्याहारीला वाटून दिली जाते, त्या घराला काटकसर शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरा आकडा घराच्या उंबऱ्यापलीकडचा आहे. अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कापणीनंतर आणि दुकानात पोहोचण्यापूर्वीच जगातील तेरा टक्क्यांहून अधिक अन्न नष्ट होते. भारतासाठी नाबार्डच्या सल्लागार संस्थेने २०२२ मध्ये पूर्ण केलेल्या पाहणीत फळांचे नुकसान सहा ते पंधरा टक्के आणि भाजीपाल्याचे सुमारे पाच ते बारा टक्के आढळले. सर्व मालाच्या नुकसानीची एकत्रित किंमत दीड लाख कोटी रुपयांच्या घरात जाते. ही नासाडी कोणाच्याही ताटात झालेली नाही. ती शेताच्या बांधावर, ट्रकच्या हौद्यात आणि बाजाराच्या उघड्या आवारात झालेली आहे. येथे दोष कोणाच्या सवयीचा नाही.

टोमॅटो का ओतला गेला, याचे उत्तर शोधले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. टोमॅटो नाशवंत आहे, एका परिसरातील सगळ्यांचा माल एकाच सुमारास पिकतो, आणि लहान शेतकऱ्याला तो दोन दिवसही थांबवून धरता येत नाही. देशातील शीतगृहांचा मोठा हिस्सा बटाट्यासाठी बांधलेला आहे. भाजीपाल्यासाठी जेथे सोय आहे तेथे तिचे भाडे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याला भाव ठरवता येत नाही. ज्याला थांबता येते, म्हणजे ज्याच्याजवळ गोदाम, वाहन आणि भांडवल आहे, त्याला दोन्ही टोकांना फायदा होतो. कांद्याची गोष्ट याहून निराळी नाही. शेतकरी चाळीत कांदा साठवतो, उकाड्याने आणि पावसाळी दमटपणाने त्यातील मोठा भाग सडतो किंवा वजनाने घटतो. उरलेल्याला भाव येऊ लागला की सरकार निर्यातीवर बंधने आणते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावले गेले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत राहिली. शहरी गरिबाला कांदा स्वस्त मिळाला पाहिजे, यात शंका नाही. पण त्याची किंमत प्रत्येक वेळी शेतकऱ्यानेच का मोजावी? कामगार आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करून दोघांच्या मधली जागा सुरक्षित ठेवायची, हा या व्यवस्थेचा जुना डाव आहे. नाशवंत मालाची नासाडी हे त्या डावाचेच एक दृश्य फळ होय.

धान्य नाशवंत नाही. ते वर्षानुवर्षे टिकते. तरीही ते सडले, आणि माणसे उपाशी असताना सडले. २००१ साली राजस्थानात सलग दुष्काळाने माणसे खंगत होती आणि जयपूरपासून जवळच असलेल्या सरकारी गोदामांत धान्य भिजून कुजत होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिचा युक्तिवाद साधा होता: जगण्याचा हक्क घटनेने दिलेला आहे, आणि अन्नाशिवाय जगता येत नाही. पुढल्या वर्षीच्या जुलैपर्यंत सरकारी साठा सहा कोटी टनांच्या वर गेला होता. साठा कमी करण्यासाठी सरकारने धान्य सवलतीच्या दराने परदेशी व्यापाऱ्यांना विकले. परदेशातील गुराढोरांच्या खाद्याला जो दर परवडला, तो राजस्थानातील शेतमजुराला परवडेल की नाही याचा विचार करण्याची कोणाला गरज वाटली नाही.

२०१० साली पुन्हा तेच घडले. उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवलेला गहू पावसात सडत असल्याच्या बातम्या आल्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सडू देण्यापेक्षा ते धान्य गरिबांना फुकट वाटा. तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी हे अंमलात आणणे शक्य नसल्याचे सांगितले, तेव्हा आपण सूचना केलेली नसून आदेश दिलेला आहे, असे न्यायालयाला स्पष्ट करावे लागले. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी, न्यायालयाने धोरणाच्या क्षेत्रात शिरू नये, असे मत व्यक्त केले. सडलेले धान्य हेही शेवटी एक धोरणच होते, एवढे या वादातून सिद्ध झाले.

मात्र २००१ ची याचिका वाया गेली नाही. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने सरकारी अन्नयोजनांना हक्काचे स्वरूप दिले आणि शाळांतून कोरडे धान्य देण्याऐवजी शिजवलेले जेवण देण्याचा आदेश काढला. देशभरच्या कार्यकर्त्यांनी त्या आदेशाचा गावोगाव पाठपुरावा केला आणि २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. ग्रामीण भागातील पंचाहत्तर टक्के आणि शहरी भागातील पन्नास टक्के लोकसंख्येला त्याने दरमहा धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. गोदामातील धान्य वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय कोणता ठरला, तर तो गोरगरिबांचा कायदेशीर हक्क. दावा सांगणारा मालक उभा राहिला की माल बेवारस पडत नाही.

हा हक्क अजून अपुरा आहे, हेही विसरता कामा नये. लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर आधारलेली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या वर्षांत वाढलेल्या लोकसंख्येतील कितीतरी कुटुंबे त्यामुळे शिधापत्रिकेच्या बाहेर राहिली. एकीकडे ही कुटुंबे रांगेबाहेर आणि दुसरीकडे गोदामे गरजेपेक्षा अधिक भरलेली, अशा स्थितीत २०२४-२५ च्या हंगामासाठी ५२ लाख टनांपर्यंत सरकारी तांदूळ इथेनॉल बनवण्यासाठी देण्याचे ठरले. मोटारीच्या टाकीत तांदूळ जाणे याला कोणी नासाडी म्हणत नाही, कारण त्याची पावती फाडलेली असते. परंतु शिधापत्रिकेसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाईच्या दृष्टीने, तो तांदूळ सडला काय आणि जळला काय, फरक कोणता?

साथींनो, आता ताटाकडे वळावे लागेल, कारण या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न तेथे आहे. गेल्या काही वर्षांत अनेक शहरांतील तरुण-तरुणी मंगल कार्यालयांतून आणि हॉटेलांतून उरलेले अन्न गोळा करतात आणि रात्री उशिरा वस्त्यांमध्ये, रुग्णालयांच्या आवारात, पुलाखाली राहणाऱ्या माणसांना वाटतात. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. भुकेल्याला आज रात्री जेवण मिळते ही गोष्ट लहान नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये या कामासाठी नियम केले. अन्न मुदतीतील असावे, ते स्वच्छ व वेगळे ठेवावे, त्याची नोंद राहावी, हा त्यांचा गाभा आहे. ते नियम योग्यच आहेत, कारण गरिबाचे पोट हे विटलेल्या अन्नाची परीक्षा घेण्याची जागा नव्हे.

परंतु महाराष्ट्रात या कामाला एक इतिहास चिकटलेला आहे. येथे उरलेले अन्न आणि उष्टे अन्न यांतील सीमारेषा शतकानुशतके पुसून टाकण्यात आली होती. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या पदरात पंगत उठल्यावरची उष्टी-खरकटी टाकायची आणि त्याला हक्काचे बलुते म्हणायचे, अशी ती रीत होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बांधवांना जे सांगितले, त्यात मृत जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे टाकून देण्याचे आवाहन होते. उपाशी माणसांना मिळणारे अन्न नाकारा, असे सांगणारा नेता अन्नाची किंमत जाणत नव्हता, असे कोण म्हणेल? पाण्यावरचा हक्क आणि उष्ट्याचा नकार या दोन गोष्टी एकाच परिषदेत पुढे याव्यात, यात मोठी संगती आहे. त्या अन्नाबरोबर जी पायरी गळ्यात पडत होती, ती त्यांना नको होती.

अन्नवाटपाच्या प्रत्येक उपक्रमाला हीच कसोटी लावावयास हवी. देणारा कधी देईल, काय देईल, कोणाला देईल, हे सारे देणाऱ्याच्या मर्जीवर असेल, घेणाऱ्याने फक्त रांगेत उभे राहायचे आणि छायाचित्रासाठी हात पुढे करायचा असेल, तर तेथे भूक भागते पण माणूस उभा राहत नाही. शिवाय लग्नसराई वर्षभर नसते. मुलाला भूक मात्र मुहूर्त पाहून लागत नाही. फ्रान्समध्ये २०१६ साली कायदा करून चारशे चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना विकले न गेलेले चांगले अन्न नष्ट करण्यास मनाई केली आणि ते देण्यासाठी सेवाभावी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले. दुकानदाराच्या मर्जीचे कर्तव्यात रूपांतर झाले, हे एक पाऊल पुढे आहे. घेणाऱ्याचा हक्क अजून तेथेही एक पाऊल दूरच आहे.

यापेक्षा निराळी वाट महाराष्ट्रातील श्रमिकांनी स्वतः शोधलेली आहे. १९७२ मध्ये दुष्काळ आणि महागाईने संसार करपून निघाले, तेव्हा मुंबईतील स्त्रिया मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांनी कोणाच्या घरचे उरलेले मागितले नाही. रेशनवर पुरेसे धान्य आणि परवडणारे तेल त्यांनी मागितले, साठेबाजांना जाब विचारला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला स्वच्छ, ताजे, पोटभर जेवण ना नफा ना तोटा या तत्त्वावर मिळावे, एवढाच त्याचा हेतू होता. तेथे जेवणारा पैसे मोजून जेवतो. त्याला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत, आणि ‘कष्टाची’ या एका शब्दाने ती भाकर भिक्षेपासून वेगळी होते. जेथे किती माणसे रोज जेवणार याचा अंदाज असतो आणि स्वयंपाक त्याच बेताने होतो, तेथे नासाडीही कमी होते, हा त्यातील व्यवहाराचा भाग होय. पंगतीत अन्न उरते ते प्रतिष्ठेसाठी रांधलेले असते म्हणून. कष्टाच्या भाकरीला प्रतिष्ठेची चिंता नसते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? नुसत्या टीकेने कोणाचे पोट भरत नाही, म्हणून कामाचा विचार तालुक्याच्या पातळीवर करावयास हवा.

पहिले काम बाजार समितीच्या आवारात आहे. शेतकऱ्याच्या मालाला छप्पर आहे काय, सावली आहे काय, न विकल्या गेलेल्या भाज्यांचे संध्याकाळी काय होते, याची पाहणी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी करावी. भाव कोसळतील त्या दिवशी तो माल किमान खर्च भरून निघेल अशा दराने अंगणवाड्या, वसतिगृहे, आश्रमशाळा आणि सरकारी रुग्णालये यांच्या स्वयंपाकघरांसाठी खरेदी केला जावा, अशी मागणी जिल्हा परिषदेकडे लावून धरावी. मे महिन्यात शाळा बंद असतात ही अडचण खरी आहे. पण रुग्णालयाला सुट्टी नसते आणि भूकही सुट्टीवर जात नाही. टोमॅटो आणि कांदा वाळवून ठेवण्याचे काम स्त्रियांच्या बचतगटांना देता येईल. गरज आहे ती यंत्राची, वाळवणीच्या जागेची आणि हमखास खरेदीची.

दुसरे काम रेशन दुकानापाशी आहे. अन्नसुरक्षा कायद्यात दक्षता समित्या, सामाजिक लेखापरीक्षण आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकारी यांची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी समिती कागदावर असते आणि तिच्या सभासदांनाही आपण सभासद आहोत हे ठाऊक नसते. ती समिती जागी करणे, बाद झालेल्या शिधापत्रिकांची यादी चावडीवर वाचून दाखवणे, अंगठ्याचा ठसा यंत्राला पटत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्यांना धान्य मिळवून देणे, हे काम सभेतील भाषणाइतके उठून दिसत नाही. पण पोत्यातील धान्य उंदराऐवजी माणसाच्या पोटात जाते ते याच कामामुळे.

तिसरे काम उत्सवाचे आणि लग्नाचे. येथे उपदेशाला जागा आहे, पण तो आधी स्वतःच्या घरात व्हावा. कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नात साधी पंगत आणि मोजका बेत असला की त्याचे बोलणे गावात ऐकले जाते. आचाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे: पातेल्यात उरेल ते, कोणाच्याही पानाला न लागलेले अन्न, ताजे असतानाच जवळच्या कष्टकऱ्यांच्या खानावळीत किंवा वसतिगृहात जाईल, आणि जे पानात उरले ते जमिनीला खत म्हणून जाईल. माणसाला पातेल्यातील, मातीला पानातील, हा भेद कसोशीने पाळावा. तो पाळला नाही तर १९२७ पूर्वीची रीत समाजसेवेच्या नावाने मागच्या दाराने परत येईल.

आणि चौथे काम शाळेच्या चुलीपाशी. २००१ च्या आदेशाने जे शिजवलेले अन्न मुलांपर्यंत पोहोचले, ते शिजवणाऱ्या बाया आजही तुटपुंज्या मानधनावर राबतात. रोज किती मुले जेवली, कोणत्या दिवशी खिचडी उरली आणि का उरली, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. त्यांचे मानधन आणि त्यांचे म्हणणे, दोन्ही या चळवळीचे विषय झाले पाहिजेत.

साथींनो, मराठी मुलखात पंगत ही मोठी बोलकी गोष्ट आहे. कोण पहिल्या पंगतीला बसले, कोण शेवटच्या, कोणाला अंगणात वाढले आणि कोणाला वेशीबाहेर, यावरून या समाजाने माणसाची किंमत ठरवली. अन्नाची नासाडी थांबवण्याच्या आजच्या प्रयत्नात त्याच पंगतीची फेरमांडणी होत नसेल, आतल्यांनी थोडे कमी टाकायचे आणि बाहेरच्यांना थोडे अधिक पोहोचवायचे एवढाच त्याचा अर्थ राहणार असेल, तर तो प्रयत्न स्वागतार्ह असला तरी अपुरा आहे. रस्त्यावर ओतलेला टोमॅटो, गोदामात सडलेला गहू आणि पानात टाकलेला भात या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: अन्न पिकवणारा, वाहणारा आणि शिजवणारा माणूस ते कोठे जाणार हे ठरवत नाही. तो ठरवू लागेल त्या दिवशी अन्न वाया घालवण्याची चैन कोणालाच परवडणार नाही. तोवर आपल्या तालुक्यातील बाजाराचे आवार, रेशनचे दुकान आणि शाळेची चूल, या तीन ठिकाणी कार्यकर्त्याची रोजची हजेरी लागली पाहिजे.